रिपोर्टमधली चार अक्षरं आणि माझं काम: नक्की काय समजायचं?

नियोजनवाली

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा विचारते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. ११ वर्षं झाली. कुठली ऑर्डर कधी लाइनवर घ्यायची, कास्टिंग कधी येणार, मोटर कधी येणार, गाडी कधी भरायची, दिवसभर हेच. दीड महिन्यापूर्वी आमच्या विभागातल्या २२ जणांची एक दिवसाची कार्यशाळा झाली. त्याआधी एमबीटीआय या व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीचे ९३ प्रश्न भरून घेतले होते, आणि कार्यशाळेत ज्याचा त्याचा रिपोर्ट हातात दिला. माझा निकाल आला आयएसटीजे. म्हणजे अंतर्मुख, तपशील धरून चालणारी, तर्काने ठरवणारी, कामाची आखणी आधी करून ठेवणारी. वाचून वाईट वाटलं नाही. बरंचसं पटलंसुद्धा.

पुढच्या आठवड्यात प्रत्येकाच्या टेबलावर त्याच्या चार अक्षरांची पट्टी लागली. तोवरही काही वाटलं नाही.

मग हे झालं. आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाबरोबर दर महिन्याला रिव्ह्यू कॉल असतो. गेली चार वर्षं त्या कॉलची आकडेवारी मी तयार करते: किती पंप वेळेत गेले, किती उशिरा, का उशीर झाला. बोलायचे मात्र आमचे साहेब. आता त्यांना दुसरं काम आलं, म्हणून तो कॉल कोणीतरी घ्यायचा होता. मला वाटलं होतं की माझ्याकडे येईल. तो गेला माझ्या एका सहकाऱ्याकडे. तो चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. मी साहेबांना विचारलं तेव्हा ते अगदी मायेने म्हणाले, "अहो, तुमचा तो स्वभाव नाही ना. रिपोर्टमध्येच आलंय. उगाच तुम्हाला त्रास कशाला?"

मी काही बोलले नाही. घरी येऊन रिपोर्ट पुन्हा काढला. त्यात प्रत्येक अक्षरापुढे कल किती स्पष्ट आहे ते दिलेलं असतं. माझ्या 'आय'पुढे लिहिलंय 'किंचित'. 'टी'पुढेही 'किंचित'. आणि आठवलं की सहा वर्षांपूर्वी, साहेब वेगळे होते तेव्हा, हीच चाचणी आम्ही दिली होती आणि माझा निकाल ईएसएफजे आला होता. म्हणजे तेव्हा मी बहिर्मुख होते! मधल्या काळात मी तर तीच आहे.

इतकंच असतं तर मी रिपोर्ट फाडून टाकला असता. पण त्यात एक वाक्य आहे: 'आपल्या अडचणी इतरांना उशिरा सांगण्याकडे कल असतो.' ते वाचल्यावर मला गेल्या वर्षीची एक ऑर्डर आठवली. ४० पंप जायचे होते. कास्टिंग वेळेत येणार नाही हे मला मंगळवारी दुपारीच कळलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. तीन रात्री प्लॅन उलटसुलट करत बसले. हा बॅच पुढे घे, तो मागे टाक, व्हेंडरला दिवसातून चार फोन. सेल्सवाल्याला सांगितलं शुक्रवारी संध्याकाळी. त्याने बुधवारीच ग्राहकाला तारखेचा शब्द देऊन टाकला होता. तो मला ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "मंगळवारी एक फोन केला असतात तर…" ते वाक्य अजून मनातून जात नाही.

तर मला कळत नाहीये की या कागदाचं काय करायचं. खोटा म्हणू, तर ते वाक्य खरं आहे. खरा म्हणू, तर माझं हक्काचं काम ज्याने गेलं ते अक्षरही खरं मानावं लागेल. तीन आठवड्यांनी अप्रेझल आहे. हा विषय तिथे काढावा का? काढला तर कसा? ज्यांनी अशा चाचण्या घेतल्यात किंवा दिल्यात त्यांनी कृपया लिहा.

पानगळ

ताई, १४ वर्षं एचआरमध्ये ट्रेनिंगचं काम करते आहे. अशा कार्यशाळा मी स्वतः घेतल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुमच्या साहेबांनी केलं ते त्या चाचणीच्या नियमातच बसत नाही. एमबीटीआय प्रसिद्ध करणारे स्वतःच सांगतात की कामाला माणूस निवडण्यासाठी ती वापरू नये. ती कल मोजते, कौशल्य नाही. तुम्हाला काय जवळचं वाटतं ते विचारते, काय जमतं ते विचारतच नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या हाताने दार उघडता येत नाही असं कोणी म्हणत नाही. आणि 'किंचित' हा शब्द त्यांनीच छापलाय तो याचसाठी, की वाचणाऱ्याने त्या अक्षरावर फार भार टाकू नये. पण टेबलावरच्या पट्टीवर 'किंचित' लिहायला जागा नसते.

ही चाचणी आली कुठून तेही सांगते, कारण कार्यशाळेत ते बहुधा सांगत नाहीत. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांची मांडणी केली. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ती वाचून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्यावरून प्रश्नावली बांधली. दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. घराबाहेर कामाला लागणाऱ्या बायकांना आपल्याला मानवेल असं काम सापडावं, हा हेतू होता. हेतू चांगला होता हे मी मनापासून म्हणते. अक्षरं चार जोड्यांतून येतात. चौथी जोडी, म्हणजे तुमचा 'जे' (आधी आखणारे) किंवा त्याच्या उलट 'पी' (ऐनवेळी ठरवणारे), युंगच्या मांडणीत अशी वेगळी नव्हती, ती या दोघींनी घातली. सांगायचं एवढंच की या चार जोड्यांतून होणारे सोळा प्रकार रक्तगटासारखे निसर्गात सापडलेले नाहीत. माणसांनी आखलेले आहेत.

आता माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेनंतर तुमच्यासारख्याच पट्ट्या मी करून दिल्या होत्या. छान रंगीत, प्रत्येकाचं नाव आणि चार अक्षरं. महिन्याभराने त्या विभागात गेले तर एक जण दुसऱ्याला सांगत होता, "ते काम त्याला नको देऊ, तो 'पी' आहे, वेळेत देणार नाही." ज्याच्याबद्दल बोलत होते त्या मुलाची नोंद मी नंतर मुद्दाम काढून बघितली. वर्षभरात एकही काम त्याने उशिरा दिलं नव्हतं. त्या दिवसापासून पट्ट्या करणं बंद केलं. कार्यशाळेत निकाल ज्याचा त्याच्या हातात देते, आणि कोणाला सांगायचा की नाही ते त्याच्यावर सोडते.

अप्रेझलमध्ये विषय जरूर काढा. पण चाचणी खरी की खोटी या वादात शिरू नका, तिथे तास निघून जाईल आणि हाती काही लागणार नाही. दोनच प्रश्न विचारा. रिपोर्ट कशासाठी वापरला जाणार असं आम्हाला सांगितलं होतं? आणि हा कॉल मला न देण्याचं माझ्या कामातलं कारण कोणतं? रिपोर्टमधलं नाही, कामातलं. साहेब मायेने बोलले असं तुम्ही लिहिलंय. मग ते ऐकतील असं वाटतं.

मायक्रोमीटर

मी क्वालिटीत आहे, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो. प्लॅनिंगवाल्यांना ती कळेलच.

तुम्हाला गो-नो गो गेज लावलंय. गेजची 'गो' बाजू भोकात गेली आणि 'नो गो' बाजू गेली नाही की पास, नाहीतर रिजेक्ट. लाइनवर पटापट छाननी करायला ते उत्तम. पण तो पीस मापाच्या किती आत आहे किंवा किती बाहेर आहे, ते गेज सांगत नाही. त्याला मायक्रोमीटर लागतो. एमबीटीआय हे गेज आहे. मधोमध रेघ मारली, अलीकडे 'ई', पलीकडे 'आय'. गंमत अशी की लोकांचे गुण मांडले तर दोन वेगळे ढीग पडत नाहीत. एकच टेकाड दिसतं, बहुतेक माणसं मधेच. म्हणजे रेघ नेमकी तिथे मारलीय जिथे गर्दी सगळ्यात जास्त. मापाच्या काठावरचा पीस सकाळी पास होतो आणि दुपारी रिजेक्ट होतो, यात पीस बदललेला नसतो. तुमचं सहा वर्षांपूर्वीचं 'ई' आणि आताचं 'आय' हे तेच आहे. सहा वर्षं दूरच, पाच आठवड्यांनी तीच चाचणी परत दिल्यावर जवळपास निम्म्या लोकांचं निदान एक अक्षर बदललेलं काही अभ्यासांत आढळलंय. आमच्याकडे एखाद्या गेजने असं केलं तर ते त्याच दिवशी कपाटात जाईल.

संशोधक वापरतात ते पाच घटकांचं मापन. नवेपणाची ओढ, कामातली काटेकोर जबाबदारी, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि मनाची अस्थिरता. यात कोणाला खोक्यात टाकत नाहीत, प्रत्येक घटकाच्या मोजपट्टीवर तुम्ही कुठे आहात ते सांगतात. १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट यांनी तोपर्यंतचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं की यातलं काय कामाशी जुळतं. तपासलेल्या सगळ्या व्यवसायगटांत जुळलं ते एकच, काटेकोर जबाबदारी. बहिर्मुखता सेल्स आणि मॅनेजरच्या कामांत जुळली, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण किती? या नात्यांचा आकडा (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.२ च्या आसपास असतो. त्याचा वर्ग केला की ०.०४. म्हणजे कामात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला चार टक्क्यांच्या आसपास हिस्सा. उरलेलं सगळं दुसरीकडून येतं. साहेबांनी चार वर्षांची तुमची आकडेवारी बाजूला ठेवून हे चार टक्के उचलले.

आणि एक अभ्यास खास तुमच्यासाठी. अॅडम ग्रँट यांनी २०१३ मध्ये फोनवर विक्री करणाऱ्या ३४० जणांची तीन महिन्यांची विक्री त्यांच्या बहिर्मुखतेशी ताडून बघितली. सगळ्यात जास्त विक्री फार बोलक्यांची नव्हती आणि फार अबोलांचीही नव्हती. मधल्यांची होती. बोलतात, आणि समोरच्याचं ऐकूनही घेतात असे. 'किंचित'वाले म्हणा ना.

पण ताई, आता दुसरी बाजू. मला ते वाक्य महत्त्वाचं वाटतं. पाच घटकांच्या चाचणीत माझा जुळवून घेण्याचा आकडा बराच खाली आला होता. मला राग आला. मी कोणाशी भांडत नाही, आवाज चढवत नाही. मग आठ दिवसांनी आमच्या शिफ्टमधल्या एका नव्या मुलाने पाठवलेला रिपोर्ट माझ्यासमोर आला. त्याने खूप मेहनत घेतली होती, फोटो लावले होते, प्रत्येक मापाखाली नोंद होती. मी उत्तर लिहिलं: 'पान ३ चूक.' पाठवायच्या आधी त्याच माणसाला आधी पाठवलेली माझी उत्तरं वर सरकवून वाचली. 'चूक.' 'परत मोज.' 'हे का नाही?' चार महिन्यांत एकदाही 'बरं झालं' नव्हतं. आकड्याने मला हे सांगितलं नव्हतं. आकड्याने फक्त त्या जुन्या मेल वाचायला लावल्या. त्या मी वाचल्या नसत्या तर तो आकडा माझ्या काही कामाचा नव्हता.

तुमच्या त्या वाक्यापाठीमागे ४० पंप आहेत, मंगळवार आहे, शुक्रवार आहे. 'आय'च्या पाठीमागे काय आहे? एकतरी प्रसंग आहे का, जिथे तुम्हाला ग्राहकाशी बोलता आलं नाही? नसेल तर ते अक्षर नुसतं अक्षर आहे. दोन्ही एकाच कागदावर छापलंय म्हणून दोन्ही एकाच मापाने खरं धरायची गरज नाही.

दुपारचं ऊन

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले. एकच भर घालतो. 'बरंचसं पटलं' असं तुम्ही लिहिलंय, तिथे जरा थांबा.

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि आठवड्याने प्रत्येकाला 'त्याचं' वर्णन दिलं. ते किती जुळतं याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिलाय, आणि त्यातली वाक्यं बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललीत.

म्हणून एक करून बघा. एखाद्या सहकाऱ्याचा रिपोर्ट त्याच्या परवानगीने घ्या. दोन्ही रिपोर्टमधली वाक्यं नाव आणि अक्षरं काढून एका कागदावर सरमिसळ लिहा. मग तुमच्याबरोबर रोज काम करणाऱ्या माणसाला विचारा, यातलं माझं कोणतं? स्वतः ओळखू नका, आपल्याला आपलं सगळंच खरं वाटतं. जे वाक्य दुसरा माणूस बोट ठेवून दाखवेल तेवढंच ठेवा.

नियोजनवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण अप्रेझल होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

दुपारचं ऊन, तुम्ही सांगितलेलं केलं. रिपोर्ट मागितला तो ज्याच्याकडे कॉल गेला त्याच सहकाऱ्याचा. त्याने लगेच दिला. दोन्हींतली दहा-दहा वाक्यं लिहून काढली आणि आधी मोह आवरला नाही म्हणून स्वतःच खुणा केल्या. माझ्या रिपोर्टमधली आठ मला माझी वाटली. त्याच्यातली सहा! 'नव्या कल्पनांना मोकळेपणाने प्रतिसाद देता', 'जवळच्या माणसांशी एकनिष्ठ राहता', हे कोण नाकारेल?

मग तोच कागद सेल्सवाल्याकडे नेला. तेच, ४० पंपांवाले. म्हटलं यातलं माझं काय ते सांगा. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. दोन-तीन वाक्यांवर "असेलही" म्हणाले. आणि खालून चौथ्या ओळीवर बोट ठेवून ते तिथेच राहिले. उशिरा सांगण्याचं वाक्य. वर बघितलं नाही. मीच म्हटलं, "हो, ते माझंच." मग आम्ही अर्धा तास बोललो. त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदाच मोकळेपणाने. त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्या रिपोर्टमध्ये आलं नसतं: मी उशिरा सांगते तेव्हा त्यांना वाटायचं की माझा त्यांच्यावर विश्वास नाही. मला तर वाटायचं की अर्धवट तोडगा घेऊन जाणं म्हणजे त्यांच्यावर ओझं टाकणं.

'आय'बद्दल बोलले तेव्हा ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी साहेब आजारी होते तेव्हा कॉल कोणी घेतला होता?" मी घेतला होता. सलग दोन महिने. मी स्वतःच विसरले होते, कारण त्यात आठवणीत राहावं असं काही घडलं नव्हतं. कॉल नीट झाले होते, इतकंच.

अप्रेझलमध्ये पानगळताईंचे दोन्ही प्रश्न विचारले. साहेब पहिल्यांदा जरा अवघडले. मी त्या दोन कॉलचं मिनिट्स आणि 'किंचित' लिहिलेलं पान समोर ठेवलं. शिवाय ४० पंपांचंही मीच सांगितलं, कारण एक बाजू दाखवायची आणि दुसरी झाकायची हे मला पटेना. ते सांगताना आवाज थोडा हलला. ते म्हणाले, "मी तुम्हाला न विचारता ठरवलं, ते चुकलं." कॉल अजून सहकाऱ्याकडेच आहे. या तिमाहीत मी त्याच्याबरोबर बसते आणि डिलिव्हरीचा भाग मी बोलते. पुढच्या तिमाहीत परत बघू म्हणालेत. मला पूर्ण कॉल हवा होता, तो मिळालेला नाही, आणि याचं वाईट वाटतं हे लपवत नाही. मी तारीख लिहून ठेवली आहे, पुन्हा विचारणार आहे.

पट्ट्यांचंही बोलले. एचआरला कळवतो म्हणाले. त्या अजून टेबलांवर आहेत. माझी मी काढून रिपोर्टच्या पाकिटात ठेवली.

मायक्रोमीटरदादा, तुमच्यासाठी एक. गेल्या सोमवारी सकाळी मोटरवाल्याचा फोन आला, १२ मोटर आठ दिवस उशिरा येणार. हात सवयीने प्लॅनच्या शीटकडेच गेला. १० वाजून ४० मिनिटांनी सेल्सला फोन केला आणि म्हटलं, "१२ मोटर उशिरा आहेत, तोडगा अजून माझ्याकडे नाही." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मी आज तारीख देत नाही."